पथ्य आधीं, पुरावा मागून

शिळें, नासकें किंवा भेसळीचें अन्न खाऊन मनुष्य आजारी पडतो, हें कोणासहि समजावून सांगावें लागत नाहीं. परंतु निवडून दळलेल्या गव्हाची, घरच्या चुलीवर भाजलेली ताजी पोळी खाऊन एखादें मूल दिवसेंदिवस वाळत जावें आणि त्याच पंक्तीला बसलेल्या त्याच्या भावंडांना कांहींहि होऊं नये, ही गोष्ट सहजासहजीं पटणारी नाहीं. वैद्यकशास्त्रालाहि ती लवकर पटली नाहीं. ज्या रोगांत असें घडतें त्याला सिलिॲक रोग म्हणतात. या विकाराचें जुनें वर्णन इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांतलें आहे, आणि गहूं हें त्याचें कारण होय हें सिद्ध झालें तें विसाव्या शतकाच्या मध्यास. मधल्या काळांत रोग्यांनीं सोसलें, आयांनीं पाहिलें, डॉक्टरांनीं तर्क केले. पथ्याचा गुण पुष्कळदां दिसून आला, पण तो नेमका कशाचा गुण, हें उमगलें नाहीं. या रोगाच्या इतिहासांत उपाय आधीं आला आणि पुरावा मागून. आजहि जो रोगी आपल्या दुखण्याचें निदान करून घेऊं पाहतो त्याच्यापुढें हाच उलटा क्रम उभा राहतो. म्हणून हा इतिहास केवळ वैद्यांच्या कुतूहलाचा विषय नाहीं.

इसवी सनाच्या पहिल्या किंवा दुसऱ्या शतकांत, आजच्या तुर्कस्थानांत मोडणाऱ्या कॅपाडोशिया प्रांतांत, अरेटीअस नांवाचा एक ग्रीक वैद्य होऊन गेला. जुनाट रोगांवरील आपल्या ग्रंथांत त्यानें अशा रोग्याचें चित्र रेखाटलें आहे कीं, ज्याच्या पोटांत अन्न पचत नाहीं, ज्याचा मळ फिकट, पातळ व दुर्गंधियुक्त असतो, आणि ज्याचें शरीर पोषणाअभावीं झिजून जातें. दोनचार दिवसांच्या हगवणीहून हा विकार निराळा, चिवट आणि पुन्हां पुन्हां उलटणारा आहे, हें त्यानें स्पष्ट ओळखलें होतें. ग्रीक भाषेंत पोटाला 'कोइलिया' म्हणतात. त्यावरून अशा रोग्यास त्यानें 'पोटाचा रोगी' या अर्थाचें विशेषण लावलें, आणि तोच शब्द लॅटिन व इंग्रजीच्या द्वारें 'सिलिॲक' या रूपानें आपल्यापर्यंत आला. जठरांतील उष्णता मंद झाली म्हणजे अन्न अर्धकच्चें राहतें, अशी त्याची उपपत्ति होती. आयुर्वेदांतील मंदाग्नि आणि ग्रहणी यांची कल्पना ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही विचारसरणी परकी वाटणार नाहीं. मात्र जुन्या ग्रंथांतील ग्रहणी म्हणजेच आजचा सिलिॲक रोग, असें समीकरण मांडणें बरोबर होणार नाहीं; कारण जुन्या एका नांवाखालीं अनेक निरनिराळे विकार एकत्र नांदत असत. अरेटीअसच्या वर्णनासहि हीच मर्यादा लागू आहे. रोगाचें रूप त्यानें टिपलें. रोगाचें मूळ त्याच्या हातीं लागलें नाहीं.

यानंतर शतकांमागून शतकें गेलीं. १८५६ सालीं फ्रान्सिस ॲडम्स या स्कॉटिश डॉक्टरानें अरेटीअसचे ग्रंथ इंग्रजींत आणले. आणि ५ ऑक्टोबर १८८७ रोजीं लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील मुलांच्या रुग्णालयांत डॉक्टर सॅम्युअल गी यांनीं याच विकारावर व्याख्यान दिलें. पुढल्या वर्षीं तें छापून प्रसिद्ध झालें. गी यांची नजर मोठी सूक्ष्म होती. एक ते पांच वर्षांच्या मुलांत हा रोग विशेष आढळतो. हातपाय काड्यांसारखे होतात, पोट मात्र फुगलेलें राहतें. मूल चिडखोर व मलूल होतें. आणि रोग इतक्या सावकाश शिरतो कीं, तो केव्हां सुरू झाला हें सांगतां येत नाहीं, असें त्यांनीं नमूद केलें. रोग बरा व्हावयाचाच असेल तर तो आहारानेंच होईल, हा त्यांचा निष्कर्ष तर आजहि अक्षरशः खरा आहे.

परंतु आहार कोणता? येथें गी यांची मोठी फसगत झाली. पिठूळ पदार्थ अगदीं थोडे द्यावे असें त्यांनीं सांगितलें आणि भात, साबूदाणा व मक्याचें पीठ हीं अयोग्य ठरविलीं. पण पातळ कापून दोन्ही बाजूंनीं खरपूस भाजलेला पाव मात्र चालेल असें म्हटलें. आज आपणांस ठाऊक आहे कीं, भात, साबूदाणा आणि मका हे तिन्ही पदार्थ या रोग्यास निर्धोक आहेत आणि भाजून भाजून काळा केला तरी गव्हाचा पाव निर्धोक होत नाहीं. म्हणजे ज्यानें मूल वांचलें असतें तें ताटांतून काढलें गेलें आणि ज्यानें तें आजारी पडत होतें तें ताटांत राहिलें. गी यांच्याच व्याख्यानांत एका मुलाची हकीकत आहे. त्याला रोज एक क्वार्ट, म्हणजे लिटरभराहून थोडे अधिक, हॉलंडचे उत्तम शिंपले खाऊं घालण्यांत येत होते, आणि तें मूल आश्चर्यकारक रीतीनें सुधारलें. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि दुखणें उलटलें. पुढल्या हंगामांत तें मूल शिंपल्यांना तोंड लावीना. शिंपल्यांत कोणता गुण असावा, असा प्रश्न त्या काळीं पडणें साहजिक होतें. लिटरभर शिंपल्यांनीं पोट भरल्यावर त्या मुलानें काय खाल्लें नसेल, हा प्रश्न मात्र कोणाच्या मनांत आला नाहीं.

पुढें १९०८ सालीं न्यूयॉर्कच्या ख्रिश्चन हर्टर यांनीं या रोगानें वाढ खुंटलेल्या मुलांवर पुस्तक लिहिलें. आंतड्यांतील जंतूंवर त्यांनीं दोष ठेवला. तो तर्क टिकला नाहीं; पण रोगाला पुष्कळ वर्षें 'गी-हर्टर रोग' असें जोडनांव मिळालें. या मुलांना स्निग्ध पदार्थांपेक्षां पिठूळ पदार्थ कमी सोसतात, हें हर्टर यांचें निरीक्षण मात्र योग्य दिशेनें बोट दाखविणारें होतें.

त्यानंतर आला केळ्यांचा काळ. न्यूयॉर्कचेच बालरोगवैद्य सिडनी हास यांनीं १९२४ सालीं एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. त्यांत दहा मुलांची हकीकत होती. आठांना केळ्यांवर ठेवलें होतें, तीं आठहि सुधारलीं. ज्या दोघांना केळीं दिलीं नव्हतीं तीं दगावलीं. हा परिणाम इतका ठळक होता कीं, पुढें कित्येक वर्षें केळें हेंच या रोगावरील औषध मानलें गेलें. हास यांच्या पथ्यांत पाव, बिस्किटें, बटाटे आणि सर्व धान्यें वर्ज्य होतीं. प्वेर्तो रिको बेटावरील एक गोष्टहि त्यांच्या वाचनांत आली होती. तेथील पाव खाणाऱ्या शहरवासीयांना संग्रहणीसारखा जो विकार होई, तो मुख्यतः केळ्यांवर राहणाऱ्या शेतकऱ्यांना होत नसे. सत्य डोळ्यांसमोर होतें. पण दृष्टि केळ्यांवर खिळली, पावावर नाहीं.

या चुकीमुळें अनेक मुलांचे प्राण वांचले, हें कृतज्ञतेनें मान्य केलें पाहिजे. परंतु ती चूक निरुपद्रवी नव्हती. केळ्यांनीं रोग समूळ बरा होतो अशी समजूत झाल्यामुळें, मूल सुधारल्यावर त्याला हळूहळू नेहमीच्या अन्नाकडे, म्हणजे पावाकडे, परत नेण्यांत येई. बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या त्या मुलांच्या आंतड्यांना पुन्हां इजा होऊं लागे. औषध म्हणून दिलेल्या पदार्थाकडे पाहण्याची संवय एकदां जडली म्हणजे वगळलेल्या पदार्थाकडे पाहणें किती कठीण होतें, याचें हें बोलकें उदाहरण होय.

ती दृष्टि फिरविण्याचें श्रेय हॉलंडच्या विलेम कारेल डिके यांच्याकडे जातें. १९०५ सालीं डोर्ड्रेख्ट येथें जन्मलेले हे डॉक्टर १९३६ सालीं, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षीं, हेग शहरांतील युलियाना बालरुग्णालयाचे प्रमुख झाले. त्या सुमारास एका तरुण आईनें त्यांना सांगितलें कीं, आपल्या आजारी मुलाच्या जेवणांतून पाव काढला म्हणजे त्याच्या अंगावरचें पुरळ लगेच मावळतें. ही आठवण डिके यांच्या निकटवर्तीयांनीं पुढें सांगितलेली आहे. आईचें म्हणणें ऐकून घेऊन मान हलविणारे डॉक्टर पुष्कळ असतात. डिके यांनीं तें मनांत धरलें. आपल्या रुग्णालयांतील मुलांना पाव व टोस्ट वर्ज्य करून ते त्यांची वाढ काळजीपूर्वक नोंदूं लागले, आणि १९४१ सालीं त्यांनीं एका डच वैद्यकीय नियतकालिकांत गी-हर्टर रोगावरील एका साध्या आहाराची माहिती प्रसिद्ध केली. त्या आहारांत केळ्यांचा बडेजाव नव्हता. पाव व टोस्ट यांना मात्र मज्जाव होता.

सर्वसाधारण समजूत अशी आहे कीं, डिके यांना हा शोध दुसऱ्या महायुद्धांतील दुष्काळानें लावून दिला. १९४४-४५ चा हिंवाळा पश्चिम हॉलंडांत 'भुकेचा हिंवाळा' म्हणून ओळखला जातो. जर्मन सैन्यानें धान्याची वाहतूक रोखली, पाव मिळेनासा झाला, आणि लोकांना ट्यूलिप फुलांचे कंद उकडून खाण्याची पाळी आली. सारें राष्ट्र उपाशी असतां सिलिॲक रोगाचीं मुलें मात्र सुधारूं लागलीं. आणि मदतीचें पीठ येऊन पाव पुन्हां मिळूं लागला तेव्हां तींच मुलें पुन्हां आजारी पडलीं, अशी ती कथा आहे. कथा मनोवेधक आहे, आणि त्या हिंवाळ्यानें डिके यांची खात्री दृढ केली असें मानण्यास हरकत नाहीं. परंतु १९४१ सालचा निबंध या हिंवाळ्याच्या तीन वर्षें आधींचा आहे, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे. शोधाचें मूळ दुष्काळांत नसून एका आईच्या शब्दांत आणि तो शब्द खरा मानून केलेल्या नोंदींत आहे. दुष्काळानें नवें कांहीं सांगितलें नाहीं. सांगितलेल्यावर शिक्कामोर्तब केलें.

तरीहि हा पुरावा शास्त्राच्या कसोटीस उतरावयाचा होता. मूल 'बरें दिसतें' एवढ्यावर शास्त्र तृप्त होत नाहीं. त्याला माप हवें असतें. तें माप उट्रेख्ट येथील रसायनशास्त्रज्ञ व्हान डी कामर यांनीं दिलें. खाल्लेल्या अन्नांतली चरबी किती आणि मळांतून वायां गेलेली किती, हें नेमकें मोजण्याची सोपी पद्धति त्यांनीं १९४९ सालीं प्रसिद्ध केली. मुलाला गहूं दिला कीं मळांतील चरबी वाढते, काढला कीं कमी होते, हें आतां आंकड्यांत दाखवितां येऊं लागलें. १९५० सालीं डिके यांनीं उट्रेख्ट विद्यापीठास आपला प्रबंध सादर केला. आणि १९५३ सालीं व्हान डी कामर व बालरोगवैद्य वायर्स यांच्यासह लिहिलेल्या निबंधांत गव्हांतच अपायकारक द्रव्य असल्याचें जगापुढें मांडलें.

हें द्रव्य कोणतें, हें समजण्यास स्वयंपाकघरांतला अनुभव उपयोगी पडेल. गव्हाची कणीक तिंबली म्हणजे ती लवचिक होते, ताणली तरी तुटत नाहीं. म्हणूनच पुरणपोळी फुटल्यावांचून लाटतां येते. ज्वारीच्या किंवा बाजरीच्या पिठाला हा गुण नाहीं, म्हणून भाकरी थापावी लागते. कणकेचा गोळा पाण्याखालीं धरून हलक्या हातानें धूत राहिलें तर पांढरा चीक वाहून जातो आणि हातांत रबरासारखा एक चिवट गोळा उरतो. हा गोळा म्हणजे ग्लूटेन. बोलोन्या येथील बेक्कारी या इटालियन पंडितानें अठराव्या शतकांतच हा प्रयोग करून, गव्हांत दोन भिन्न द्रव्यें आहेत हें दाखविलें होतें. त्याचें वर्णन १७४५ सालीं छापलें गेलें. जवळजवळ दोनशें वर्षांनीं हाच भेद रोग्यांच्या उपयोगीं पडला. १९५२ सालीं बर्मिंगहॅम येथें शार्लट अँडरसन, फ्रेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं गव्हाचा स्टार्च आणि ग्लूटेन वेगळे करून मुलांना दिले. स्टार्च सोसला, ग्लूटेननें रोग उलटला. गी यांच्यापासून हास यांच्यापर्यंत सर्वांनीं ज्या पिठूळपणावर आरोप ठेवला होता तो निर्दोष सुटला; अपराधी त्याच्या शेजारीं बसलेला होता. गव्हाप्रमाणेंच जव आणि राय या धान्यांतहि हा दोष आहे.

कारण सांपडलें, पण शरीरांत इजा नेमकी कोठें होते, हें अजून गुलदस्तांत होतें. मृत्यूनंतर आंतड्याचें अस्तर फार लवकर कुजतें. म्हणून प्रेतपरीक्षेंत अस्तर खराब दिसलें तरी तें रोगामुळें कीं मृत्यूमुळें, हें ठरवितां येत नसे. १९५४ सालीं इंग्लंडांतील डॉक्टर पॉली यांनीं जिवंत रोग्यांच्या शस्त्रक्रियेच्या वेळीं घेतलेले लहान आंतड्याचे तुकडे तपासले आणि इजा रोगाचीच आहे असें दाखविलें. निरोगी आंतड्याच्या आंतील बाजूस मखमलीच्या तंतूंसारखे असंख्य सूक्ष्म अंकुर असतात. अन्नरस शोषून घेण्याचें काम त्यांचें. या रोगांत ते अंकुर झडून अस्तर सपाट होतें. मग कितीहि सकस अन्न खाल्लें तरी तें शरीरास लागत नाहीं. पुढें १९५६ सालीं लंडनच्या मार्गोट शायनर यांनीं तोंडावाटे नळी घालून आंतड्याचा तुकडा काढण्याची युक्ति शोधली. १९५७ सालीं अमेरिकेंतील क्रॉस्बी व कुग्लर यांनीं त्यासाठीं एक लहानशी डबी तयार केली. पोट चिरण्याचें कारण उरलें नाहीं. १९६० सालीं सिॲटलच्या सायरस रुबिन यांनीं दाखविलें कीं, मुलांचा सिलिॲक रोग आणि प्रौढांचा, उष्ण प्रदेशाशीं संबंध नसलेला संग्रहणीसारखा विकार, हे दोन रोग नसून एकच आहेत. अरेटीअसनें प्रौढांत पाहिलेला आणि गी यांनीं मुलांत पाहिलेला रोग असा पुन्हां एकत्र आला.

आतां पुरावा हातीं आला. पण पुराव्याची किंमत रोग्याला मोजावी लागूं लागली. १९६९ सालीं इंटरलाकेन येथें भरलेल्या युरोपांतील बालरोगतज्ज्ञांच्या सभेनें निदानाचे कडक नियम ठरविले. प्रथम गहूं खात असतांना आंतड्याचा तुकडा घ्यावयाचा व तो सपाट असला पाहिजे. मग गहूं बंद करून दुसरा तुकडा, तो सुधारलेला दिसला पाहिजे. आणि नंतर बऱ्या झालेल्या मुलाला मुद्दाम पुन्हां गहूं खाऊं घालून तिसरा तुकडा, त्यांत रोग उलटलेला दिसला पाहिजे. तर्कशास्त्राच्या दृष्टीनें ही योजना निर्दोष होती. पण जें मूल कित्येक महिन्यांनीं हसूंखेळूं लागलें त्याला पुन्हां तेंच अन्न भरविणाऱ्या आईच्या मनाची कल्पना करावी. १९९० सालीं हे नियम सैल झाले आणि बहुतेक रोग्यांना एकच तुकडा पुरेसा मानला जाऊं लागला.

हा बदल शक्य झाला तो रक्ताच्या परीक्षेमुळें. या रोगांत शरीर आपल्याच पेशींविरुद्ध प्रतिद्रव्यें तयार करतें, हें हळूहळू उघड होत गेलें. १९८३ सालीं वॉर्सा येथील खोझेल्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा एका प्रतिद्रव्याचें वर्णन केलें. आणि १९९७ सालीं बर्लिन येथील डीटरिख, शुप्पान व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तीं प्रतिद्रव्यें शरीरांतील टिश्यू ट्रान्सग्लूटामिनेज नांवाच्या द्रव्यावर रोंखलेलीं असतात हें शोधून काढलें. आज डॉक्टर पहिल्यानें जी रक्तपरीक्षा सांगतात ती याच शोधाचें फळ आहे. ज्या मुलांत हीं प्रतिद्रव्यें फार मोठ्या प्रमाणांत सांपडतात त्यांच्याबाबत ठराविक अटींवर तुकडा न घेतांहि निदान करण्यास युरोपांतील तज्ज्ञांनीं २०१२ पासून संमति दिली आहे.

भारतांत हा रोग नाहीं, तो गोऱ्या लोकांचा आहे, अशी समजूत दीर्घकाळ होती. १९६६ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलांत वालिया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उत्तर भारतांतील मुलांचे रोगवृत्तांत प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षीं त्याच नियतकालिकांत मिश्रा, कस्तुरी व चुट्टानी यांनीं प्रौढ रोग्यांची हकीकत दिली. तरी रोग विरळा असल्याचा समज लवकर मावळला नाहीं. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या दिल्ली परिसरांतील पाहणींत १०,४८८ लोकांपैकीं शेंकडा १.०४ लोकांत, म्हणजे सुमारें ९६ माणसांमागें एकास, हा रोग आढळला. २०१६ सालच्या दुसऱ्या पाहणींत तीन प्रदेशांतील २३,३३१ प्रौढांची तपासणी झाली. उत्तरेंत शेंकडा १.२३, ईशान्येस ०.८७ आणि दक्षिणेंत अवघें ०.१० असें प्रमाण निघालें. रोगास अनुकूल अशी आनुवंशिक ठेवण तिन्ही ठिकाणीं जवळजवळ सारखीच होती. पण गव्हाचें रोजचें सेवन उत्तरेंत माणशीं ४५५ ग्रॅम, ईशान्येस ३७ आणि दक्षिणेंत २५ होतें. ईशान्येचा आंकडा असें सुचवितो कीं, एकट्या गव्हानें सारा उलगडा होत नाहीं. पण उत्तर व दक्षिण यांतील अंतर पाहिलें म्हणजे ताटाचा वांटा केवढा मोठा आहे हें ध्यानांत येतें.

महाराष्ट्राच्या दृष्टीनें या गोष्टीला विशेष अर्थ आहे. देशावरची ज्वारी-बाजरीची भाकरी, कोंकणांतला भात आणि नाचणी, उपासाची वरी, हें सारें अन्न ग्लूटेनरहित आहे. जें पथ्य युरोपांतील रोग्यास वनवासासारखें वाटलें तें येथील कित्येक घरांचें पिढीजात जेवण होय. परंतु गव्हाची पोळी, पाव आणि बिस्किटें आतां रोजचीं झालीं आहेत, आणि गहूं अनपेक्षित वाटांनींहि पोटांत जातो. बाजारांत मिळणाऱ्या बांधानी हिंगांत बहुधा गव्हाचें पीठ मिसळलेलें असतें. गिरणींत गव्हाच्या दळणावर ज्वारी टाकली कीं भाकरींतहि गहूं उतरतो. पोळ्यांचें पोळपाट भाकरीस वापरलें तरी तेंच. ग्लूटेनरहित म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांत किलोमागें २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन नसावें, असें माप ठरलेलें आहे. यावरून हें पथ्य किती काटेकोर असावें लागतें याची कल्पना येईल.

आणि येथेंच या इतिहासाचा धडा आजच्या रोग्याच्या दारीं येऊन उभा राहतो. हा रोग नेहमींच हगवणीच्या रूपानें येत नाहीं. कोणाला वर्षानुवर्षें लोहाच्या गोळ्या घेऊनहि न हटणारा पांडुरोग असतो, कोणाचीं हाडें दुखतात, कोणाचें पोट सदा फुगलेलें असतें, कोणाच्या तोंडांत वारंवार फोड येतात, कोणाची उंचीच वाढत नाहीं. अशा मनुष्यास कोणी आंवेचा रोगी म्हणतें, कोणी अशक्त म्हणतें, आणि सर्व उपाय थकले म्हणजे हें सारें मनाचे खेळ आहेत असेंहि म्हणतें. अशा स्थितींत तो आपण होऊन गहूं सोडतो. त्याला बरें वाटतें. मग तो परीक्षेस जातो, आणि परीक्षा म्हणते कीं, रोग नाहीं! याचें कारण साधें आहे. गहूं बंद झाला कीं कांहीं महिन्यांत रक्तांतील प्रतिद्रव्यें ओसरूं लागतात आणि आंतड्याचे अंकुर पुन्हां उगवूं लागतात. पथ्यानें रोग हटविला आणि त्याबरोबर पुरावाहि पुसून टाकला. निदान पक्कें करावयाचें तर त्या बिचाऱ्यास डॉक्टरांच्या देखरेखीखालीं कांहीं आठवडे पुन्हां गहूं खावा लागतो. म्हणजे इंटरलाकेनच्या नियमांतील तें कठोर कलम त्याच्यापुरतें पुन्हां जिवंत होतें.

मग पुराव्याची गरजच काय, बरें वाटतें तेवढें पुरे, असें कोणी म्हणेल. हास यांच्या बऱ्या झालेल्या मुलांची गोष्ट या प्रश्नाचें उत्तर देते. कशानें बरें वाटलें हें निश्चित नसलें म्हणजे पथ्य मोडावयास वेळ लागत नाहीं. लग्नांत, सणांत, प्रवासांत एकेक घांस परत येतो. हें पथ्य जन्माचें आहे आणि घांसभर गव्हालाहि त्यांत जागा नाहीं. उपेक्षिलेल्या रोगानें हाडें ठिसूळ होतात, पांडुरोग जडतो, आणि क्वचित् आंतड्याचा कर्करोगहि उद्भवतो. हा रोग कुटुंबांत चालतो, म्हणून एकाचें निदान झालें म्हणजे त्याच्या आईबापांची, भावंडांची आणि मुलांचीहि तपासणी करणें इष्ट ठरतें. उलट, गहूं सोडून बरें वाटलें तरी प्रत्येक वेळीं तो सिलिॲक रोगच असतो असें नाहीं. गव्हाची ॲलर्जी व इतर विकारहि तसेच भासतात. खऱ्या निदानावांचून जन्मभर पथ्य करीत राहणें हेंहि एक ओझेंच आहे. म्हणून संशय येतांच गहूं सोडण्यापूर्वीं रक्ताची परीक्षा करून घेणें, हा शहाणपणाचा मार्ग होय. आणि ज्यांनीं आधींच सोडला आहे त्यांनीं पुन्हां गहूं सुरू करावयाचा तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच करावा. रोगास अनुकूल आनुवंशिक ठेवण अंगांत आहे कीं नाहीं हें पाहणारी परीक्षा पथ्य चालू असतांहि करतां येते. ती ठेवण नसल्यास सिलिॲक रोगाची शंका बहुतांशीं दूर होते. असल्यानें मात्र रोग सिद्ध होत नाहीं, कारण निरोगी माणसांपैकीं पुष्कळांत ती असते.

डिके १९६२ सालीं वारले. त्यांनीं नवें औषध शोधलें नाहीं. ताटांत काय घालावें, हा जुना प्रश्न बाजूस सारून, ताटांतून काय काढलें म्हणजे मूल सुधारतें, एवढेंच त्यांनीं विचारलें आणि उत्तर मिळेपर्यंत मोजमाप चालू ठेवलें. त्यांच्या पूर्वींच्या विद्वानांना दिसलें नाहीं तें एका आईला दिसलें होतें. पण तिचें दिसणें शास्त्र व्हावयास डॉक्टरांची नोंदवही, रसायनशास्त्रज्ञाचें माप आणि आंतड्याचा तुकडा, या साऱ्यांची गरज लागली. रोग्यानें सांगितलेलें डॉक्टरांनीं खरें मानावें आणि डॉक्टरांनीं मागितलेला पुरावा रोग्यानें पथ्यापूर्वीं द्यावा. या दोन गोष्टींची सांगड वेळेवर पडली असती तर कित्येक मुलें वांचलीं असतीं. आज ती वेळेवर घालणें आपल्या हातीं आहे.